दहाव्यापर्यंतची मिशी

काल पडेगावला जाऊन आले. उत्तम गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं, तेही औरंगपुऱ्यात भाजी घेताना. भेटायला जायचं तर दहाव्याच्या आत जावं, म्हणून सकाळी गुडघ्यांना तेल चोळलं आणि रिक्षा केली. रिक्षावाल्यानं विचारलं, पडेगावात कुठं? मला सांगता येईना. पूर्वी पडेगाव एवढंच सांगून भागायचं. छावणी मागं टाकली की दौलताबाद रोडला दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं लागायची, मधूनच एखादी रसवंती, आणि मग पडेगाव यायचं. आता तिथं पाच-सहा मजली इमारती, फरशीची दुकानं, लग्नाची लॉन्स. रिक्षा तीनदा चुकली. दमले मी या शहराला. दर चार-दोन वर्षांनी ते नव्यानं ओळखून घ्यावं लागतं, नावासकट.

उत्तम आमच्या हौशी नाटक मंडळातला सगळ्यात चांगला नट. त्यानं नाटक सोडलं त्याला आता तीसेक वर्षं होऊन गेली असतील. का सोडलं हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची माझी छातीच झाली नाही, कारण मी मनाशी ठरवून टाकलं होतं की माझ्यामुळंच सोडलं. तेवढं एक ओझं घेऊन मी रिक्षात बसले होते.

मी मंडळात रंगभूषा करायची. दिवसभर सरकारी कचेरीत टपाल आवक-जावक, आणि सहानंतर शाळेच्या हॉलवर नटांच्या दाढ्या-मिशा. बाकीचं, म्हणजे चेहऱ्याला रंग, सुरकुत्या, हे सगळ्यांनाच थोडंफार जमतं. दाढी मात्र माझ्यावाचून कुणाला लावता यायची नाही. हे मी शहागंजच्या एका बोळात शिकले, रशीदचाचांकडं. जिन्याखालची त्यांची एक खोली होती. शाळांच्या गॅदरिंगला, सर्कसवाल्यांना, बँडवाल्यांना ते टोप आणि मिशा द्यायचे. खोलीत राळेचा वास कोंडलेला असायचा. राळ स्पिरिटमध्ये विरघळवली की मिशी चिकटवायचा गोंद होतो. तो वास नाकात बसला की दोन दिवस जेवणाला चव लागायची नाही.

चाचांचं पहिलं सांगणं होतं की माणसांची तोंडं बघ. "चिपकाई सो दाढी पैली लाइन का बच्चा बी पैचानता, बेटी. उगी सो दिखना." म्हणजे चिकटवलेली नको, उगवलेली वाटायला हवी. म्हणून मी सिटी बसमध्ये, रेशनच्या रांगेत, कचेरीत, जिथं तिथं पुरुषांच्या हनुवट्या न्याहाळत बसायची. आई वैतागायची. म्हणायची, अगं, लग्नाची पोरगी तू, लोक काय म्हणतील. मी बघत असायची की केस जबड्याखाली दाट असतात आणि गालाकडं विरळ होत जातात. खालच्या ओठाखाली दोन्ही बाजूंना थोडी जागा मोकळी असते. कुणाचीच मिशी दोन्हीकडं सारखी नसते. नवशिके ती सारखी करतात, आणि तिथंच सोंग उघडं पडतं.

दाढीचे केस म्हणजे क्रेप, लोकरीची घट्ट विणलेली वेणी. ती उकलून ओली करायची, म्हणजे कुरळेपणा जातो. मग खुर्चीच्या पाठीला ताणून वाळवायची, विंचरायची, बोटभर तुकडे कापायचे आणि हनुवटीच्या खालून सुरुवात करून वर वर थर लावत जायचं. खालचे थर काळे, वरचे जरा भुरे. शेवटी ओल्या फडक्यानं दाबायचं. तेव्हा नट डोळे मिटून बसलेले असायचे आणि माझ्या बोटांना त्यांचा श्वास लागायचा. बोलू नका म्हटलं की नेमकं सगळ्यांना बोलायचं असायचं.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही पहाटे कधीतरी, पाऊण तास. टँकरचा हॉर्न ऐकला की बायका हातातलं टाकून धावायच्या. त्या पाण्याला लोखंडाचा वास असायचा, त्यात डाळ शिजायची नाही. अशात क्रेप भिजवायला पाणी कुठून आणू? मी ती वेणी कुकरच्या वाफेवर धरायची. शिट्टी झाली की क्रेप, शिट्टी झाली की क्रेप. आई म्हणायची, भातात लोकर येते आहे गं. खरंच यायची.

आणि तिकडं वाळूजची औद्योगिक वसाहत वाढत होती. गावाकडं पाणी नाही, म्हणून पोरं येत होती आणि कंपन्यांच्या गेटवर उभी राहत होती. उत्तम तसाच आलेला. अजिंठ्याच्या रस्त्यावरून आत सात-आठ किलोमीटरवर त्याचं गाव. शेत होतं, विहीर आटलेली. बायको चंद्रकला आणि आई-वडील गावी, आणि हा पडेगावात एका खोलीत चौघांबरोबर राहायचा. पहिली पाळी करून चार वाजता सुटायचा आणि तालमीला यायचा. अंगाला मशीनच्या तेलाचा वास. बोलणं अस्सल गावाकडचं, पण स्टेजवर उभा राहिला की आमचे बँकेतले, कॉलेजातले सगळे शुद्ध बोलणारे फिके पडायचे. मिशी अशी झुपकेदार, उन्हानं टोकांना तांबूस झालेली. वाक्य आठवेनासं झालं की उजवं टोक पिळायचा. पिळलं की वाक्य यायचं.

त्या वर्षीचं नाटक आमच्यातल्याच एकानं लिहिलेलं, एका पोस्टमास्तरची तीन वयं. पहिल्या अंकात बावीस वर्षांचा कोवळा, दुसऱ्यात मिशीवाला, तिसऱ्यात पांढऱ्या दाढीचा. भूमिका उत्तमची. आता खरी मिशी असलेल्या माणसाला कोवळा कसा करायचा? साबण लावून मिशी ओठाला बसवतात आणि वर रंग फासतात, पण मग माणूस कोवळा दिसत नाही, आजारी दिसतो. मी म्हटलं, मिशी काढायची. आणि तीही आजच, प्रयोगाला महिना आहे तोवर. कारण मिशीखालची कातडी पांढरी असते, ती बाकी चेहऱ्यासारखी रापायला वेळ लागतो.

उत्तम उभा होता तो तसाच उभा राहिला. म्हणाला, "बाई, आबा हायेत अजून."

आबा म्हणजे त्याचे वडील. मी हसले. म्हटलं, "आबा असायला आणि मिशीला काय? पंधरा दिवसांत परत येते."

मागं बसलेले दोघं-तिघं फिदीफिदी हसले. एक म्हणाला, "उत्तम, आता गावाकडं जाऊ नको बरं का, पिंडाचा भात शिजवतील." मला वाटलं, नेहमीची चेष्टा चालली आहे. आमच्याकडं पुरुषांना मिशा नव्हत्याच. वडील कारकून, आजोबा भिक्षुकी करणारे, दोघंही रोज सकाळी दाढी-मिशी तुळतुळीत. मिशी ही आमच्या लेखी फक्त केसांची गोष्ट होती. उत्तम खुर्चीत बसला. कात्री मी चालवली, वस्तरा त्यानं. आरशात त्यानं फार वेळ पाहिलं नाही.

पुढं आठ दिवस तो रूमालानं तोंड झाकून कामावर जात होता. धूळ आहे म्हणायचा, आणि धूळ तर होतीच.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो माझ्या कचेरीत आला. कामाचे कपडे तसेच, तोंडाला रूमाल. माझ्या टेबलाशी वाकून हळू बोलला.

"बाई, मिशी लागती."

"अरे, प्रयोगाला वेळ आहे अजून."

"प्रयोगाला नाय. गावाकडं जायला. गावचा मानूस आला व्हता कंपनीच्या गेटवर. आबांनी अंथरूण धरलंय. चार-आठ दिवसांचे सोबती म्हनत्यात."

मी म्हटलं, मग असाच जा ना, मिशीचं काय घेऊन बसलास. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मला एकदम भीती वाटली. तो रागावला नव्हता. लहान मुलाला समजावून सांगतात तसं त्यानं सांगितलं.

"आमच्यात बाप जित्ता असताना मिशी काढत नाय, बाई. मिशी काढली म्हंजे बाप गेला. आता आबा खाटंवर पडलेले आन म्या हे बोडकं तोंड घिऊन फुडं हुभा ऱ्हाऊ? म्हनतील, पोरगं आधीच तयार हून आलं. त्या दुखण्यानं जातील का नाय म्हाईत नाय, ह्यानं जातील."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"बोललो व्हतो. तुमी हसला."

मी टेबलावरून उठले. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याला घरी घेऊन आले. संध्याकाळच्या पाचच्या एसटीनं त्याला जायचं होतं. हातात पाच-साडेपाच तास होते.

स्टेजची मिशी दहा हातांवरून दिसायची असते. तिथं दिवे आपल्या मदतीला असतात, अंतर असतं, आणि समोरच्याला फसायचंच असतं. इथं आजारी बाप खाटेवर पडलेला, पोरगं त्याच्या तोंडावर वाकणार, आणि दारातून उन्हाचा झोत आत येणार. लोकरीचं काम नव्हतंच. त्याला खरे केस हवेत, आणि एकेक केस बारीक जाळीवर आकड्यानं गाठ मारून बसवायला हवा. रशीदचाचांनी हे मला एकदाच करून दाखवलं होतं आणि म्हणाले होते, डोळे जातील, नक्को करू. जाळीचा तुकडा माझ्याकडं होता. केस नव्हते. मी आत गेले आणि वेणीतली मानेजवळची एक बट कापली. टँकरच्या पाण्यानं माझे केस त्या वर्षी राठ आणि तांबूस झाले होते, बरोब्बर त्याच्या मिशीच्या रंगाचे. केस कुणाचे हे त्याला कधी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही, तो ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता.

आई मध्ये मध्ये येऊन बघत होती. काय चाललंय हे तिला मी दोन वाक्यांत सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला आणि त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली. त्यानं दोन घास खाल्ले. मी गाठी मारत होते. वरच्या कडेला एकेक केस, खाली दोन-दोन. डावी बाजू किंचित विरळ, कारण त्याची तशी होती. मी इतके दिवस त्याची मिशी बघितली होती, ती मला तोंडपाठ होती. चार वाजेपर्यंत माझी मान धरली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते रडण्याचं की ताणाचं तेव्हाही कळलं नाही.

ओठ स्पिरिटनं पुसला, गोंद लावला, फुंकर मारली, जाळी बसवली. मग त्याला अंगणात उन्हात उभं केलं आणि हातभर अंतरावरून पाहिलं. उत्तम उभा होता. आठ दिवसांपूर्वीचा, जसाच्या तसा. मला इतकं चांगलं काम त्याआधी जमलं नव्हतं आणि नंतरही जमलं नाही.

त्याला मी सगळं पढवलं. गोंदाची बाटली ही, सोडवायच्या स्पिरिटची ही. चहा बशीत ओतून गार करून पी, वाफेनं सुटते. पाणी वरून पी. कुशीवर झोपू नको. रोज एकांतात काढ, ओठावर वस्तरा फिरव, पुन्हा बसव. आणि काही झालं तरी मिशीला हात लावू नको. त्यानं ते सगळं पाठांतर केल्यासारखं म्हणून दाखवलं. बसस्टँडवर गर्दीत मला त्याची पाठ दिसत होती. जाताना म्हणाला, "बाई, जमंल का वो मला?" मी म्हटलं, तुला नाही जमणार तर कुणाला जमेल.

आबा पाच दिवसांनी गेले, असा निरोप मंडळात आला. तो ऐकता ऐकता, तिथंच, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दहावा. दहाव्याला मुलानं डोकं आणि मिशी काढायची असते, चारचौघांत, न्हाव्यापुढं बसून. हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. त्याच्याही आला नसावा. आम्ही दोघांनी फक्त खाटेपर्यंतचा विचार केला होता. शिवाय सुतकात दाढीला वस्तरा लावायचा नाही, म्हणजे खालून त्याची स्वतःची मिशी वाढत येणार आणि माझी जाळी वर उचलणार. भावकी गोल करून बसलेली, न्हावी साबण लावतोय आणि मिशी सगळीच्या सगळी त्याच्या हातात आली आहे, हे चित्र मी किती दिवस पाहिलं देवाला ठाऊक. कचेरीत टपालावर चुकीचे शिक्के मारले. जेवण जाईना. आई म्हणाली, तुझ्याच घरात सुतक आल्यासारखं करते आहेस.

तो चौदाव्या दिवशी परत आला. डोक्याचा गोटा, ओठ कोरा, आणि ओठावर गोंदानं सोलून निघालेल्या कातडीचा लाल पट्टा. तालमीच्या हॉलमध्ये मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानंच सांगितलं.

"काय नाय झालं, बाई. चंद्रकलेनं न्हाव्याच्या कानावर घातलं व्हतं. त्यानं सांभाळून घेतलं."

"आणि आबा?"

"आबांना नाय कळलं. माझा हात धरूनच गेले."

माझ्या जिवात जीव आला. पाडव्याच्या आदल्या दिवशी प्रयोग झाला. बिनमिशीचा, बिनकेसांचा चेहरा म्हणजे रंगभूषाकाराला कोरी पाटी. तीन अंकांत तीन माणसं मी त्या चेहऱ्यावर उभी केली आणि त्यानं ती जगवली. तिसऱ्या अंकात पोस्टमास्तर खुर्चीत बसून नुसता बाहेर बघतो, त्याला वाक्य नाही. हॉलमध्ये साताठशे माणसं होती आणि पंखे सोडून काही वाजत नव्हतं. पडदा पडल्यावर मी त्याची दाढी उतरवली, गालांना खोबरेल लावलं. तो म्हणाला, "बास झालं आता, बाई." मला वाटलं, तेल बास झालं म्हणतोय.

त्यानंतर तो आला नाही. निरोप पाठवले, कुणी जाऊन भेटलं. पाळी बदलली म्हणाला, घर बांधायचंय म्हणाला. पुढं गुलमंडीवर कधी दिसला तर आपणहून थांबायचा. काय बाई, बरं हाय ना? मिशी पुन्हा आली होती, तशीच झुपकेदार. नाटकाचा विषय तो काढायचा नाही आणि मीही नाही. मी त्याच्या तोंडावरची मिशी नाही, नाटकच कापून टाकलं, असं मला वाटत राहिलं. मंडळ पाच-सहा वर्षं रखडत चाललं आणि बंद पडलं. रशीदचाचा गेले, त्यांची खोली पाडून तिथं मोबाइलचं दुकान झालं. वाळूजच्या कंपन्या वाढल्या, पुन्हा दुष्काळ आले, पुन्हा टँकर आले. आता दाढ्या तयार मिळतात, पाकिटात, मागं चिकटपट्टी लावलेल्या. आणि कुणाला लागतात? सगळ्याच पोरांना खऱ्या दाढ्या आहेत. रस्त्यानं जाताना मी अजूनही त्यांच्या हनुवट्या बघते. सवय जात नाही.

तर काल, तीनदा चुकून, शेवटी घर सापडलं. खाली दोन खोल्या, वर दोन, दारात चपलांचा ढीग. मुलगा कंपनीतच आहे, तो पुढं होऊन आत घेऊन गेला. चंद्रकला भिंतीशी बसली होती. मी तिला आयुष्यात चार-पाचदाच पाहिलेलं. तिनं मला लगेच ओळखलं, हात धरून जवळ बसवलं. थोडा वेळ आम्ही दोघी रडलो. मग आलेल्या बायका उठून बाहेर गेल्या आणि तिनं मुलालाही बाहेर जायला सांगितलं. दार लोटून घेतलं.

"बाई, एक बोलायचंय. दुसऱ्या कुनापाशी बोलता येत नाय."

मी म्हटलं, बोल.

"ती मिशी. न्हाव्याच्या कानावर म्या नव्हतं घातलं."

मला आधी अर्थच लागेना. ती खाली बघून सावकाश सांगत होती. उत्तम घरी पोचला त्याच्या तिसऱ्या दिवशी गावचा न्हावी, किसन, आबांची हजामत करायला आला. आबा खाटेवर, उत्तम टँकरच्या रांगेला गेलेला. चंद्रकला चहा घेऊन दाराशी आली तर आत आबा बोलत होते. हळू, पण नीट.

"म्हनले, किसन, माझ्या दहाव्याला पोराची मिशी तूच काढशील. ती त्याची नाय. आल्यापून बघतोय, एकदाबी मिशीला हात लावला नाय त्यानं. त्याचा हात घरात बसला की मिशीवर असतो. कशापायी काढली त्याची त्याला म्हाईत, पोरगं वंगाळ नाय. पन इतक्या मानसांत त्याची शोभा हू देऊ नको. आधीच सोडवून ठिव, मग वस्तरा लाव."

मिशीला हात लावू नको. माझेच शब्द.

"किसनमामा म्हनला, आबा, असं काय बोलता. तर म्हनले, सांगितलं तेवढं कर. तितक्यात म्या त्यांच्या नजरंला पडले. मला म्हनले, सूनबाई, तुला ठावं हाय ना ती कशानं सुटती? ते किसनला दे. आन माझी आन हाय, हे उत्तमला बोलायचं नाय. त्याला वाटू दे, जमलं."

दहाव्याला नदीत पाणी नव्हतं, टँकरच्या ड्रमाशीच सगळं उरकलं. किसननं उत्तमच्या तोंडावर ओलं फडकं टाकलं, खाली स्पिरिटचा बोळा फिरवला, मिशी मुठीत घेतली, आणि खालून आलेल्या खुंटांवर साबण लावून सगळ्यांदेखत वस्तरा चालवला. मूठ उघडली ती डोक्याच्या केसांच्या ढिगावर. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. रात्री उत्तमनं विचारलं तेव्हा चंद्रकला म्हणाली, मीच सांगितलं होतं किसनमामाला. ते खोटं तिनं काल मला सांगेपर्यंत सांभाळलं होतं.

"तुमच्यावर राग नव्हता त्यांचा," ती म्हणाली. "कधीच नव्हता. नाटकाचं इचारलं की म्हनायचे, मरत्या बापाफुडं सोंग केलं म्या, त्याला फसवला, आता कुनाफुडं तोंड रंगवू? टीव्हीवर नाटक लागलं तरी उठून जायचे. माझ्या कितींदा ओठावर आलं व्हतं, बाई. सांगावं, आबांना ठावं व्हतं, तुमी कुनाला फसवलं नाय. पन आबांची आन. मंग वाटायचं, उद्या सांगू. त्या दिशी पहाटं छातीत कळ आली आन गेले." तिनं वर बघितलं. "सांगायला पायजे व्हतं का वो?"

बाहेर पोरं कुठूनतरी सतरंज्या आणत होती, त्यांचा आवाज येत होता. तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. मी आयुष्यभर माणसांच्या तोंडावर खोटं बसवलं आहे, हातभर अंतरावरून पाहिलं तरी कळणार नाही असं. मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"नाही गं," मी म्हटलं. "बरं केलंस, सांगितलं नाहीस. बापाला कळलं होतं हे समजलं असतं तर लाजेनं मेला असता तो. पुन्हा गावात पाऊल टाकलं नसतं त्यानं."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी नजर खाली घेतली नाही. हळूहळू तिचे खांदे सैल झाले आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "तुमी म्हनता तर बरं वाटलं. तुमीच वळखत व्हता त्यांना."

ओळखत होते. म्हणून तर रिक्षात बसल्यावर छावणी येईपर्यंत मला रडू आवरेना. चंद्रकलेनं त्याला सांगितलं असतं, तर तो दुसऱ्या दिवशी तालमीला आला असता.